मंदी, घर आणि हप्ता: घेणाऱ्यांनी, अडकलेल्यांनी आणि फेडणाऱ्यांनी काय करावे

नोकरकपातीच्या बातम्या वाढल्या की घराबद्दल तीन प्रश्न हमखास कानावर येतात. पहिला उत्साहाने विचारलेला असतो: "आता भाव पडतील ना? थांबू का?" दुसरा धास्तीने: "बुकिंग करून बसलोय, बिल्डरच बुडाला तर?" तिसरा अगदी हळू आवाजात येतो: "दोन हप्ते थकलेत. बँक घर ताब्यात घेईल का?"

मंदी एकच असली तरी या तिघांची घरे वेगवेगळ्या टप्प्यावर आहेत, म्हणून उत्तरेही वेगळी आहेत. तुम्ही ज्या टप्प्यावर असाल, तो भाग आधी वाचा. त्याआधी एक गोष्ट मात्र तिघांनीही लक्षात ठेवा. मंदीत घराचा दर किती उतरेल, याचा अंदाज कोणालाच नीट बांधता येत नाही. तुमचा पगार किती टिकेल आणि ती इमारत पुरी होईल का, याचा अंदाज मात्र बऱ्यापैकी बांधता येतो. निर्णय त्यावर घ्या.

मंदीत आधी काय हलते?

शेअर बाजार कोसळला तर आकडा त्याच दुपारी दिसतो. घराचा भाव तसा पडत नाही. बिल्डरने फलकावरचा दर उतरवला, तर जुन्या दराने घेतलेले ग्राहक दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन उभे राहतात, शिवाय वित्तसंस्थेकडे तारण असलेल्या फ्लॅटची किंमतही कमी धरली जाते. जुने घर विकणारा मालक शेजारच्या विंगेला दोन वर्षांपूर्वी मिळालेला भाव सोडायला तयार नसतो. त्यामुळे आधी व्यवहार आटतात, मग सवलती निघतात, आणि दर सगळ्यात शेवटी हलतो. पुष्कळदा तो हलतही नाही. तीन-चार वर्षे आहे तिथेच राहतो आणि महागाई त्याची किंमत आतून पोखरते.

गेल्या तीन तडाख्यांकडे पाहिले तर प्रत्येकाने वेगळा धडा दिला आहे:

- २००८-०९: सप्टेंबर २००८मध्ये अमेरिकेतील लेहमन ब्रदर्स बुडाली. रिझर्व्ह बँकेने ९ टक्क्यांवरचा रेपो दर एप्रिल २००९पर्यंत ४.७५ टक्क्यांवर आणला. कर्ज स्वस्त होते ते अशा वेळी. पण नेमके तेव्हाच बँका कर्जदार निवडून घेऊ लागतात.
- २०१८-१९: सप्टेंबर २०१८मध्ये आयएल अँड एफएस या वित्तसमूहाने देणी थकवली. बिल्डरांना पैसा पुरवणाऱ्या बिगरबँक वित्तसंस्थांचा हात आखडला आणि कित्येक इमारती अर्ध्यावर थांबल्या. अशा अडलेल्या प्रकल्पांसाठी केंद्राला नोव्हेंबर २०१९मध्ये २५ हजार कोटींचा 'स्वामिह' निधी जाहीर करावा लागला. इथे धोका दराचा नव्हता, ताब्याचा होता.
- २०२०: टाळेबंदीत दस्तनोंदणी जवळपास ठप्प झाली. मे महिन्यात रेपो ४ टक्क्यांवर आला. महाराष्ट्र सरकारने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर मुद्रांक शुल्कात ३ टक्के आणि पुढे मार्च २०२१पर्यंत २ टक्के सूट दिली. त्या एका डिसेंबरात मुंबईत १९ हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले. स्वस्ताईची खिडकी अशी थोडा काळ उघडते, आणि ज्याची कागदपत्रे व पैसे तयार असतात त्यालाच तिचा फायदा होतो.

घर घ्यायचे आहे: आधी स्वतःची तपासणी

पुढच्या चार कसोट्यांपैकी एकीला जरी उत्तर "नाही" असेल, तर थांबा. थांबण्याने तुमचे फारसे काही बिघडत नाही.

१. पगार. तुमच्या कंपनीत नव्हे, तुमच्या क्षेत्रात काय चालले आहे ते बघा. आज नोकरी गेली तर तेवढ्याच पगाराची दुसरी मिळायला किती महिने लागतील? नवरा-बायको दोघेही एकाच क्षेत्रात असाल, तर दोन पगारांना दोन आधार समजू नका.

२. हप्ता. सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आसपास ठेवा. ५० लाखांचे कर्ज, २० वर्षे, ८.५ टक्के दर धरला तर हप्ता सुमारे ४३,४०० रुपये होतो. दर ९.५ झाला की तो ४६,६०० होतो. या दुसऱ्या आकड्यावर घर चालते का, ते बघा.

३. हाताशी रक्कम. पुण्यात ७५ लाखांचा बांधकाम सुरू असलेला फ्लॅट घ्यायचा आहे असे समजा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणजे ६० लाख. उरलेले १५ लाख तुमचे. त्यावर ७ टक्के मुद्रांक शुल्क ५ लाख २५ हजार, नोंदणी फी ३० हजार, आणि ५ टक्के जीएसटी ३ लाख ७५ हजार. म्हणजे एकूण २४ लाख ३० हजार तुमच्या खिशातून. "पंधरा लाख जमलेत" म्हणून बुकिंग करणारे इथेच फसतात आणि उरलेल्या रकमेसाठी पर्सनल लोन काढतात. मंदीत यापेक्षा वाईट सुरुवात नाही. (घर स्त्रीच्या नावावर असेल, तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, तिच्या अटी आधी पाहून घ्या.)

४. गंगाजळी. वरची रक्कम भरल्यावरही सहा महिन्यांचा हप्ता आणि घरखर्च बाजूला उरला पाहिजे. एकट्याच्या पगारावर घर चालत असेल, तर बारा महिन्यांचा.

तयार, अर्धवट की जुने?

- तयार घर, भोगवटा प्रमाणपत्रासह: मंदीतला सर्वात सुरक्षित पर्याय. जे दिसते ते मिळते, जीएसटी लागत नाही, आणि भाडे व हप्ता दोन्ही भरण्याची वेळ येत नाही. दर थोडा चढा असला तरी ही बचत त्यातून वजा करून तुलना करा.
- बांधकाम सुरू असलेले: महारेराच्या, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामकाच्या, संकेतस्थळावर प्रकल्प उघडा आणि तिमाही प्रगतीची माहिती वाचा. ताब्याची मूळ तारीख काय होती, मुदत किती वेळा वाढवली, किती फ्लॅट विकले गेले, प्रकल्पावर कोणाचा बोजा आहे, हे सगळे तिथे दिसते. मग एखाद्या कामाच्या दिवशी न सांगता साइटवर जा. क्रेन हलत नसेल आणि वॉचमनशिवाय कोणी दिसत नसेल, तर ब्रोशर घडी घालून पिशवीत ठेवा.
- रिसेल: घासाघीस करायला सर्वात जास्त वाव इथे. पण मालकाच्या कर्जाचा बोजा, सोसायटीची थकबाकी आणि मूळ दस्तांची साखळी वकिलाकडून तपासून घ्या. विकणाऱ्याचे मूळ कागद बँकेत असतील, तर तुमची रक्कम थेट त्या बँकेच्या कर्जखात्यात जाईल अशी व्यवस्था करा.

घासाघीस कशावर करायची?

मध्यंतरी भाचीबरोबर पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका प्रकल्पाच्या सेल्स ऑफिसात गेलो होतो. कॉफी आली, मग कॉस्टिंग शीट आली. वर मूळ दर, त्याखाली फ्लोअर राइज, गार्डनकडचे तोंड म्हणून वेगळे पैसे, पार्किंग, क्लब हाउस, दोन वर्षांचा मेंटेनन्स आगाऊ. "दर कमी करणं आमच्या हातात नाही, मॅडम," हे वाक्य पहिल्या दहा मिनिटांत तीनदा ऐकले. अर्ध्या तासाने त्याच कागदाच्या कोपऱ्यात पेन्सिलने फ्लोअर राइज खोडला गेला. आम्ही उठायला लागलो तेव्हा मॉड्युलर किचन आले. दारापाशी पोहोचलो तेव्हा दोन एसी.

भाचीने एकच प्रश्न विचारला: "हे सगळं नको. याची रक्कम करारातल्या किमतीतून कमी कराल?" त्यावर मॅनेजरला बोलवावे लागले.

प्रश्न बरोबर होता. करारातली किंमत ३ लाखांनी उतरली, तर त्यावरचे ७ टक्के मुद्रांक शुल्क आणि ५ टक्के जीएसटी मिळून आणखी ३६ हजार वाचतात. भेट मिळालेला एसी पाच-सात वर्षांत भंगारात जातो. म्हणून:

- सूट मागायची ती आधी करारमूल्यात, मग पार्किंग-क्लब हाउस अशा शुल्कांत, आणि वस्तूंत सर्वात शेवटी.
- तोंडी सवलत धरू नका. वाटपपत्रात किंवा करारात लिहून घ्या.
- गेल्या सहा महिन्यांत त्याच इमारतीत प्रत्यक्ष कोणत्या किमतीला दस्त झाले, ते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सुविधेवर सूची क्रमांक दोनमध्ये बघा. फलकावरचा दर आणि दस्तातला दर यांतला फरक हाच तुमचा घासाघिशीचा आधार.

इथे एक खड्डा आहे, रेडी रेकनरचा. मंदीत ठरलेली किंमत सरकारी मूल्यदर तक्त्याच्या खाली गेली, तरी मुद्रांक शुल्क दोहोंतल्या मोठ्या आकड्यावरच भरावे लागते. शिवाय हा फरक १० टक्क्यांहून जास्त असेल, तर तो तुमचे उत्पन्न समजून त्यावर प्राप्तिकर लागू शकतो. सौदा पक्का करण्यापूर्वी त्या विभागाचा दर काढा. गरज वाटल्यास मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडून मूल्यनिर्णय करून घ्या.

या जाहिरातींपासून जपा

- "ताब्यापर्यंत हप्ता आम्ही भरू." कर्ज तुमच्या नावावर असते. बिल्डरने भरणे थांबवले की बँक तुमच्याकडेच येते आणि पतनोंदही तुमचीच खराब होते. म्हणूनच जुलै २०१९मध्ये राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने गृहवित्त कंपन्यांना असे कर्ज देण्यापासून दूर राहायला सांगितले. मंदीत या योजना नवी नावे घेऊन परत येतात.
- "खात्रीचे भाडे, खात्रीचा परतावा." तुमच्याकडून जास्त घेतलेली रक्कमच थोडी थोडी परत मिळत असते. बिल्डरची तिजोरी आटली की ती खात्रीही आटते.
- "आज टोकन द्या, उद्या दर वाढणार." नोंदणीकृत करार केल्याशिवाय बिल्डर किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही, रेरा कायद्यातच तशी तरतूद आहे. महारेराच्या नमुना वाटपपत्राप्रमाणे १५ दिवसांत बुकिंग रद्द केल्यास काहीही कापले जात नाही, आणि नंतरची कपातही २ टक्क्यांपर्यंतच आहे. वाटपपत्र त्या नमुन्यातच आहे ना, हे बघा.

बुकिंग केले आणि काम थांबले: तुमचे हक्क

सर्वात आधी, कर्जाचा हप्ता रागाने बंद करू नका. बँकेच्या लेखी तुमचे आणि बिल्डरचे भांडण वेगळे आणि तुमचे कर्ज वेगळे. मात्र बांधकामाचा टप्पा पूर्ण झालेला नसताना पुढची रक्कम बिल्डरला देऊ नका, असे बँकेला लेखी कळवा.

"बाजारात मंदी आहे, पैसे अडकलेत," हे बिल्डरचे उत्तर कायद्याला पुरेसे नाही. युद्ध, पूर, दुष्काळ, आग, चक्रीवादळ, भूकंप, नैसर्गिक आपत्ती ही कारणे कायद्यात मुदतवाढीसाठी मोजून दिली आहेत. विक्री होत नाही, हे कारण त्या यादीत नाही.

कराराची तारीख उलटली की तुमच्यापुढे दोन वाटा असतात, आणि निवड तुमची:

- बाहेर पडणे: भरलेली सर्व रक्कम व्याजासह परत. हा हक्क बिनशर्त असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१मध्ये स्पष्ट केले आहे.
- थांबणे: ताबा मिळेपर्यंत प्रत्येक महिन्याच्या विलंबाचे व्याज. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वाधिक एमसीएलआर या कर्जदराहून २ टक्के जास्त आहे.

पुढची पावले अशी:

१. करार, पावत्या, बँकेचे विवरण, ईमेल आणि साइटचे तारखेसह फोटो एका फाइलीत लावा.

२. बिल्डरला लेखी नोटीस द्या. व्हॉट्सअ‍ॅपवरची चर्चा नोटीस ठरत नाही.

३. इतर ग्राहकांना शोधून संघटित व्हा. प्रकल्पाची नोंदणी संपली वा रद्द झाली, तर उरलेले काम पुरे करण्याचा पहिला हक्क ग्राहकांच्या संघटनेचा असतो. तसेच तुमच्यापैकी दोन तृतीयांश जणांच्या संमतीशिवाय बिल्डर प्रकल्प दुसऱ्याच्या गळ्यात घालू शकत नाही.

४. महारेराच्या सलोखा मंचाकडे जा किंवा तक्रार दाखल करा. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे.

५. आदेश मिळाला म्हणजे पैसे मिळाले असे नाही. बिल्डरने आदेश पाळला नाही, तर महारेराकडून वसुलीचे वॉरंट घ्या. ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकारी कार्यालयामार्फत वसूल होते. त्या कार्यालयात पाठपुरावा तुम्हालाच करावा लागतो.

६. कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली, तर २०१८पासून तुम्ही वित्तीय धनको मानले जाता आणि प्रतिनिधीमार्फत मतही देऊ शकता. पण जाहीर सूचनेतल्या मुदतीत दावा भरावा लागतो. प्रक्रिया सुरू झाली की रेराखालची वसुली थांबते, म्हणून वर्तमानपत्रातली ती छोटी नोटीस नजरेतून सुटू देऊ नका.

नोकरी गेली, हप्ता भरणे जड झाले

लाजेने गप्प बसणे सर्वात महाग पडते. पहिला हप्ता चुकण्यापूर्वीच बँकेच्या शाखेत जा.

९० दिवसांच्या आत करायच्या गोष्टी

- मुदत वाढवून हप्ता कमी करून मागा किंवा कर्जाची फेररचना मागा. फेररचनेची नोंद तुमच्या पत-अहवालात होते, हे जाणून सही करा.
- कर्ज जुन्या पद्धतीच्या दरावर असेल, तर रेपोशी जोडलेल्या दराकडे वळवा. ऑक्टोबर २०१९पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाहेरच्या मानक दराशी जोडलेली असतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दर बदलतो. गृहवित्त कंपन्यांना हा नियम लागू नाही, तिथे घटलेला दर मागून घ्यावा लागतो.
- दर वाढताना बँक परस्पर मुदत वाढवत असेल, तर विचारा. ऑगस्ट २०२३च्या रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा पर्याय तुमचा आहे. मघाच्या ५० लाखांच्या कर्जात दर ८.५वरून ९.५ झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर २० वर्षांचे कर्ज जवळपास २६ वर्षांचे होते.
- भविष्य निर्वाह निधीला हात लावण्याआधी सोने आणि मुदत ठेवींचा विचार करा. क्रेडिट कार्डातून घराचा हप्ता भरणे म्हणजे पेटत्या घरात रॉकेल ओतणे.

९० दिवस उलटल्यावर

खाते थकीत कर्जात जाते आणि सरफेसी या तारण-वसुलीच्या कायद्याची घड्याळे सुरू होतात:

- बँकेला आधी ६० दिवसांची मागणी नोटीस द्यावी लागते. तिला लेखी हरकत घ्या. बँकेने १५ दिवसांत सकारण उत्तर देणे बंधनकारक आहे.
- त्यानंतर बँक ताबा घेऊ शकते. त्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.
- लिलावाची जाहीर नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वी पूर्ण देणे भरले, तर घर सोडवता येते. त्यानंतर तो हक्क उरत नाही.
- लिलावात देण्यापेक्षा जास्त रक्कम आली, तर वरची रक्कम तुमची. कमी आली, तर उरलेल्या रकमेसाठी बँक तुमच्या मागे लागू शकते.
- वसुली एजंट सकाळी ८च्या आधी आणि संध्याकाळी ७नंतर फोन करू शकत नाहीत. शेजाऱ्यांसमोर अपमान, धमक्या यांची लेखी तक्रार बँकेकडे करा. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जा. त्यासाठी पैसे पडत नाहीत.

आणि घर टिकवणे खरोखरच शक्य नसेल, तर ते तुम्ही स्वतः विका. जप्तीच्या नोटिशीखालच्या घराला गिऱ्हाईक मिळेल तो भाव देते. बँकेच्या संमतीने, वेळेत केलेल्या विक्रीत दोन पैसे हाती उरतात आणि पतही वाचते.

शेवटी, हप्त्याची रंगीत तालीम

घर घ्यावे की थांबावे, हे कळत नसेल तर एक साधा प्रयोग करा. होणाऱ्या हप्त्यातून सध्याचे भाडे वजा करा आणि उरलेली रक्कम दर महिन्याच्या ५ तारखेला रिकरिंग ठेवीत टाका. सहा महिने, एकही महिना न चुकवता. जमले, तर तुम्ही तयार आहात, आणि हाताशी चार पैसेही जमलेले असतील. तिसऱ्या महिन्यात ओढाताण झाली, तर ती बँकेसमोर न होता घरातल्या घरात झाली, एवढेच नुकसान.

भाची सध्या हाच प्रयोग करते आहे. चौथा महिना चालू आहे. सेल्स ऑफिसातून तिला दोनदा फोन येऊन गेला. पार्किंगचे पैसे आता लावत नाहीत म्हणे.